वैष्णवीला कुणी सांगायचं

मृत्यू सगळे हेवेदावे मिटवतो, शमीम. मी त्यांना नऊ दिवस दिले. मिटले नाहीत.

मिटतील असं मला वाटलं होतं, कारण तसं सगळीकडे लिहिलेलं असतं. छापलेल्या गोष्टीवर माझा विश्वास लवकर बसतो, हे तू मला पंधरा वर्षं ऐकवत आलीस. पण परवा, रविवारी, बारामतीत तुझी शोकसभा झाली. मी दुसऱ्या रांगेत बसले होते, आणि मला स्पष्ट जाणवत होतं की पोटात जे दुखतंय त्यातलं सगळंच दुःख नाही.

सभा तुला आवडली असती. म्हणजे नंतर सांगायला आवडली असती. फ्लेक्सवरचा तुझा फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला होता, त्यामुळे तू कुणाची तरी शेळी चोरून पकडली गेल्यासारखी दिसत होतीस. खाली शोकाकुल म्हणून चौघांचे फोटो होते. ते तुझ्यापेक्षा मोठे होते आणि चौघंही हसत होते. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले आणि आपण लहानपणी शाळेत किती लांब चालत जायचो ते त्यांनी सांगितलं. मग एकानं तुला अनाथांची माउली म्हटलं. ज्या मुलांचं आपण काम केलं त्यांतल्या बहुतेकांचे आईबाप जिवंत होते, तोच तर प्रश्न होता. तू शेजारी असतीस तर मला कोपर मारलं असतंस.

सभा संपल्यावर एक तरुण मुलगी तान्हं बाळ घेऊन माझ्याकडे आली. रडून डोळे लाल झालेले. मी तिला ओळखलं. तिच्यासाठी मी अकरा महिने शाळा, तहसील आणि दवाखाना यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "शमीमताईंच्या बरोबर असायच्या, त्या तुमीच ना? फार्म भरायच्या त्या?"

मी हो म्हणाले. फॉर्म मी भरायचे हे खरंच आहे.

शमीम, मी समाजकार्यात पदवी घेतली, मग पदव्युत्तर पदवी घेतली. तू बारावी करून इंदापुरात शिवणाचा क्लास चालवायचीस आणि आपल्या संस्थेत तीन महिन्यांसाठी म्हणून आलीस. मुलांशी कसं बोलावं यावर मी प्रशिक्षणं घेते. माझ्याकडे तक्ते आहेत, बाहुल्या आहेत, पडद्यावर दाखवायच्या चाळीस पाट्या आहेत. तू त्या प्रशिक्षणांना मागच्या रांगेत बसायचीस, चहा आला की पहिली उठायचीस, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे महिनाभर गप्प बसलेलं पोर तुझ्यापुढे बोलायचं. हे एकदा झालं असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. पंधरा वर्षं झालं.

तू काय करायचीस ते मी चोरून पाहत आले आहे. तू मुलाच्या समोर कधी बसली नाहीस, नेहमी शेजारी. नाव विचारायची नाहीस, शाळा विचारायची नाहीस. पिशवीतून एखादा चुकीचा शिवलेला कपडा काढायचीस, भावाच्या टेलरिंगच्या दुकानातला, आणि बोथट सुईनं त्याची शिवण उसवत बसायचीस. बोटं अडखळायची. मग एखादा टाका काही केल्या निघायचा नाही. तो खरंच निघत नसे की तू निघू देत नव्हतीस, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. थोड्या वेळानं पोर सरकून जवळ यायचं आणि धागा ओढायला लागायचं. पुढचं आपोआप व्हायचं. "तोंडाकडं बघितलं की पोर उत्तर शोधतंय," तू म्हणाली होतीस. "हाताकडं बघितलं की बोलतंय."

हे वाक्य मी पुढच्याच प्रशिक्षणात एका पाटीवर घातलं. खाली तुझं नाव घातलं नाही.

आणि एकदा, तू रजेवर असताना, मी स्वतः करून पाहिलं. माझा एक जुना ब्लाउज घेऊन गेले. भिगवण रस्त्यावरच्या वस्तीवरची सात वर्षांची मुलगी होती. मी शेजारी बसले, हाताकडे पाहिलं, एक टाका अडकवला. तिनं ब्लाउज माझ्या हातातून घेतला आणि तासाभरात बाह्या, गळा, पट्टी, सगळं सुटं करून घड्या घालून माझ्यापुढे ठेवलं. मग दुसरा आहे का म्हणून विचारलं. याखेरीज ती एक शब्द बोलली नाही. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तू किती वेळ हसली असतीस याचा मला अंदाज होता.

पण आपलं खरं भांडण वैष्णवीवरून झालं आणि ते अर्धंच राहिलं.

ती नऊ वर्षांची होती. वरकुट्याला मावशीकडे राहायची. बाप लोणी देवकरला कारखान्यात कामाला. शाळा सुटली की ही पोरगी मिळेल त्या गाडीला हात करून इंदापूरच्या एसटी स्टँडवर येऊन बसायची. पाच वेळा तिला तिथून परत नेली. गावात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की मावशी मारत असणार. मी चार वेळा घरी गेले. सहा चेहऱ्यांचा तक्ता पुढे ठेवला, तुला आत्ता यातलं कुणासारखं वाटतंय म्हणून विचारलं. तिनं शांतपणे बोट ठेवत ठेवत सांगितलं की ही मावशी, हे गुरुजी, ही शेजारची आजी, आणि हा शेवटचा बोकड. मी वहीत लिहिलं, बालिका सहकार्य करत नाही.

तू वही वाचलीस. "करत न्हाय कशी? समद्या गावाची वळख करून दिली की तुला."

घरात काय चाललं होतं ते मला माहीत होतं. मावशीनं पहिल्याच भेटीत मला परसात नेऊन सांगितलं होतं. वैष्णवीच्या आईला पुण्याला दवाखान्यात नेलं होतं, ती तिथंच गेली, आणि बापानं सगळं तिकडेच उरकलं. पोरीला सांगितलं की आई पुण्याला दवाखान्यात आहे, बरी होतीय. याला आठ महिने झाले होते. "माजीच जीभ रेटत न्हाय, बाई," मावशी म्हणाली. तिचीही सख्खी बहीण गेली होती आणि तिला घरात रडायची सोय नव्हती. मी रीतसर आराखडा केला. आधी वडिलांची तयारी, मग मावशीची, मग दोघांच्या देखत मुलीला सांगणं, मग पाठपुरावा. वडिलांना पाळीतून सुट्टी मिळत नव्हती. आराखडा फायलीत होता.

पाचव्या भेटीला तू बरोबर आलीस. पडवीत बसलीस, पिशवीतून एक फ्रॉक काढलास. मी उंबऱ्याशी वही घेऊन बसले. वीस मिनिटं कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, चला, आज हिचाही बोकड होणार. मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते.

मग धागा ओढता ओढता वैष्णवी म्हणाली, "मावशी रोज कांदा चिरती. भाजीत कांदाच नसतुया."

तू टाका उसवत राहिलीस.

"आई मेली का?"

तू सुई खाली ठेवलीस, चष्मा काढलास आणि म्हणालीस, "व्हय. मेली."

आतमध्ये मावशीच्या हातातलं पातेलं पडलं. त्यानंतर जे झालं ते मी इथं लिहिणार नाही. ते तुला माहीत आहे आणि इतरांना नको.

परत येताना आपण माझ्या स्कूटीवर होतो आणि पुढच्या उसाच्या ट्रॉलीला ओलांडायला जागा नव्हती, त्यामुळे भांडायला भरपूर वेळ मिळाला. तुला कुणी अधिकार दिला, असं मी ओरडून विचारलं.

"तिनं इचारलं," तू मागून म्हणालीस.

ती सगळ्यांनाच विचारत होती, मी म्हणाले.

"मंग समद्यांनीच सांगायचं हुतं."

मी आराखड्याचं बोलले. तू म्हणालीस, माझ्याच पाटीवर लिहिलंय की मरणाबद्दल पोरांशी साधं बोला, देवाघरी गेली म्हणू नका, झोपली म्हणू नका. मी म्हणाले, त्याच पाटीवर खाली कुणी, कधी आणि कुणाच्या देखत सांगायचं हेही लिहिलं आहे. "तितं पतूर वाचायच्या आत चहा आला आसंल," तू म्हणालीस, आणि माझ्या पाठीला कपाळ टेकवून बसलीस. तू रडत होतीस हे मला इंदापुरात उतरल्यावर दिसलं.

चार दिवसांनी वैष्णवीचा बाप ऑफिसात आला. त्यानं आरडाओरडा केला नाही. कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच दारात उभा राहिला आणि म्हणाला, "माज्या पोरीला मी सांगनार हुतो." एवढंच. तू मान खाली घातलीस. तो गेल्यावर मी म्हणाले, बघ. मला अजूनही वाटतं की त्या माणसाचं आपण काहीतरी काढून घेतलं. आणि मला हेही माहीत आहे की त्या दिवसानंतर वैष्णवी एकदाही स्टँडवर गेली नाही. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी कशा ठेवायच्या ते मला जमत नाही. तुला विचारायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, मी मुद्दाम विचारलं नाही, कारण तू तीन शब्दांत उत्तर दिलं असतंस आणि ते बरोबर असतं.

अहवाल मी लिहिला. 'विश्वास संपादन केल्यानंतर बालिकेने आपली शंका व्यक्त केली.' विश्वास कुणी संपादन केला हे त्या वाक्यात कुठंच नाही. मराठीत अशी सोय आहे, आणि मी ती वापरली. बालकल्याण समितीनं अहवालाचं कौतुक केलं. मी ते कौतुक घरी घेऊन गेले. तुझ्या हातात तो कागद पडला तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. तू सगळा वाचलास, सावकाश, बोट ठेवून. "ब्येस लिवलंस," म्हणालीस. "मी लिवला आसता तर दोन वळीत संपला आसता." टोमणा असता तर मी विसरून गेले असते. टोमणा नव्हता.

पुढे मावशीच्या घरी तिची सासू आजारी पडली, बापाच्या पाळ्या बदलत्या, म्हणून वैष्णवी जळोचीतल्या बालगृहात आली. दोन वर्षं तू दर मंगळवारी तिला भेटायला गेलीस. मला तिचा रक्तगट माहीत आहे, वजन, हजेरी क्रमांक, लसींच्या तारखा माहीत आहेत. ती कोंबड्यांना भिते हे मात्र तुला माहीत होतं. अशानं माणूस जळतो, शमीम. चांगल्या माणसाशेजारी काम करणाऱ्याला कुणी सांगत नाही की त्याला रोज थोडा थोडा कमीपणा वाटणार आहे.

तर रविवारी, शोकसभेनंतर चहा चालू असताना, बालगृहाच्या अधीक्षिका माझ्याजवळ आल्या. मायाळू बाई आहेत, तुझ्यासाठी खरोखर रडल्या होत्या. म्हणाल्या, वैष्णवीची काळजी करू नका. गेल्या मंगळवारी तिनं फार वाट पाहिली, मग आम्हीच तिला सांगितलं की शमीमताई लेकीकडे सोलापूरला गेल्यात, बऱ्याच दिवसांनी येतील. हळूहळू विसरेल पोर. आणि कौतुकानं हसून पुढे म्हणाल्या, इतकी चौकस आहे ना, वॉचमनला विचारत होती, सोलापूरची गाडी जळोचीवरून जाते की स्टँडवरूनच मिळते.

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

सोमवारी दिवसभर मी आराखडा केला. खोटं बोलत नाही मी, चार टप्पे लिहून काढले. पहिला टप्पा अधीक्षिकांची तयारी हा होता. संध्याकाळी मला आठवलं की वैष्णवी आता अकरा वर्षांची आहे, तिला गाड्यांच्या पाट्या वाचता येतात, आणि मागच्या वेळी आराखडा फायलीत असताना ती पाच वेळा स्टँडवर बसली होती.

आज मंगळवार. दुपारी तीनला मी जळोचीला गेले. अधीक्षिका म्हणाल्या, मॅडम, तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत, घाई करायची नाही म्हणून. मी म्हणाले, हो, शिकवलं. मी पिशवीत काहीही नेलं नव्हतं. कपडा नाही, तक्ता नाही. तुझी नक्कल मला येत नाही हे एका ब्लाउजच्या मोबदल्यात मी शिकले होते. पर्समध्ये कागदावर चार वाक्यं लिहिलेली होती, तेवढीच.

ती मागच्या पायऱ्यांवर बसली होती. मी शेजारी बसले. कागद काढायच्या आत तिनंच विचारलं, "सोलापूरला शमीमताईची लेक कुठं ऱ्हाती, तुमाला ठाव हाय का?"

"शमीम मेली, वैष्णवी," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कधी, म्हणून विचारलं. मी म्हणाले, अकरा दिवस झाले, शुक्रवारी सकाळी, हृदय बंद पडून. मग सोलापूर, तिनं विचारलं. मी सांगितलं की ते खोटं होतं, तिला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं होतं, पण खोटंच होतं. ती पायरीवरची माती बोटानं सरकवत राहिली. मला कितीतरी चांगली वाक्यं सुचत होती. मी ती एकामागून एक गिळत होते.

"तुमी बघितली का तिला?"

हो, म्हणाले. मी इंदापूरला गेले होते, घरी, बायकांच्यात बसले होते.

"माजी आई मला दावली न्हाय," ती म्हणाली. आणि मग, "कशी दिसत हुती?"

शमीम, तू पांढऱ्या कापडात होतीस, आणि माझ्या तोंडात शब्द आला तो 'झोपल्यासारखी'. तिथं जमलेली प्रत्येक बाई तेच म्हणत होती. आणि तू झोपल्यासारखी मुळीच दिसत नव्हतीस. तुला झोपलेली मी कितीदा पाहिली आहे, एसटीत, तोंड उघडं टाकून, माझ्या खांद्यावर. ते वेगळं असतं.

"चष्मा नव्हता," मी म्हणाले. "नाकावर त्याचे दोन वळ होते. चेहरा पिवळट झाला होता. हात लावला तर गार लागला. पण ओळखू येत होती. शमीमच होती."

वैष्णवीनं मान हलवली. कुणीतरी अखेर नीट माहिती दिली, तशी. मग ती रडली. माझ्या कुशीत नाही, भिंतीकडे तोंड करून. मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला, मग मी तो मागे घेतला. इतकं मोठं रडणं अकरा वर्षांच्या पोरीत मावतं कसं, कळत नव्हतं. ते सगळं तुझ्यासाठी होतं, थोडं तिच्या आईसाठीही असेल, आणि शेजारी बसून, लाज वाटते पण लिहिते, मी मनात हिशेब करत होते की मी गेल्यावर भिंतीकडे तोंड करून कोण रडेल. एकही नाव आलं नाही. फॉर्म भरणाऱ्या बाईसाठी कोण रडतं?

तरीही तुला एक सांगायचं आहे. पहिलं वाक्य मी तुझ्यासारखं बोलले. तुझ्यासारखं बोलायचं असं ठरवून नाही. तिनं विचारलं म्हणून. त्या स्कूटीवर तू म्हणालीस ते मला दोन वर्षांनी, एका पायरीवर बसून कळलं. बापाबद्दल मी म्हणाले होते ते मी अजून मागे घेत नाही. संध्याकाळी त्याला फोन केला, पोरीला कुणी काय सांगितलं ते सगळं सांगितलं. तो म्हणाला, बरं केलं. मग थांबून म्हणाला, या वेळी तरी मला लगेच कळवलं. म्हणजे भांडणात अर्धा गुण मला मिळाला असं मी धरते. तू हरकत घ्यायला नाहीस.

संस्थेनं तुझ्या नावानं संवादपद्धतीची एक पुस्तिका काढायचं ठरवलं आहे. लेखन माझ्याकडे आहे. वैष्णवीला तू दिलेलं 'व्हय. मेली.' हे उत्तर मी त्यात घालणार आहे, आणि या खेपेला खाली तुझं नाव असेल. अहवालातलं ते वाक्यही समितीला पत्र लिहून दुरुस्त करणार आहे. समिती ते पत्र फायलीला लावेल आणि कुणी वाचणार नाही, पण वाक्याला एकदाचा कर्ता मिळेल. हे तुझ्या डोळ्यांदेखत करायला मला पंधरा वर्षं होती.

निघताना वैष्णवीनं तोंड धुतलं होतं. तिनं विचारलं, आता मंगळवारी कोण येणार. मी म्हणाले, मी. दर मंगळवारी. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, आज पहिल्यांदाच, आणि विचार करून सांगितलं की दर मंगळवारी नको, एकाआड एक या. मी का म्हणून विचारलं नाही, तिनंच सांगितलं.

मधल्या मंगळवारी तिला कॅरम खेळायचा असतो.